माशीपलीकडचा माणूस

पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर जो बारीक उंचवटा असतो, त्याला फौजेत माशी म्हणतात. मागच्या खाचेतून ती बरोबर मधोमध दिसली, की गोळी जायची तिथे जाते. रामप्रसादच्या उस्तादाने भरतीनंतर लगेचच त्याच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं, की माशी बघायची, माणूस बघायचा नाही. माणूस धूसर दिसला तरी चालेल, माशी धूसर दिसता कामा नये. रामप्रसादने उभा जन्म त्या वाक्यावर काढला. फौज सुटली, जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या गेटवर तो पिस्तूलधारी रक्षक म्हणून लागला, मिशा पांढऱ्या झाल्या, तरी वाक्य तसंच ताजं राहिलं.

जुने झाले ते डोळे. लांबचं त्याला अजून लख्ख दिसे. रस्त्यापलीकडच्या रोलिंग मिलमध्ये शिरणाऱ्या ट्रकचा नंबर तो खुर्चीवरून वाचून दाखवी. पण हात ताणून पिस्तूल धरलं की एका माशीच्या दोन व्हायच्या, आणि दोन्ही कापसासारख्या पिंजलेल्या. हे बरेच दिवस झाकून गेलं, कारण गेटवर गोळी झाडायची वेळ कधी आलीच नव्हती. मग मिथुन सर नावाचे नवे सुरक्षा अधिकारी आले. तरणाबांड माणूस, बोलायला गोड. त्यांनी हुकूम काढला, की प्रत्येक पिस्तूलवाल्याने चांदमारी करून दाखवायची, आणि ज्याचा नेम चुकेल त्याने पिस्तूल सोडून काठी-शिट्टी घ्यायची.

काठी घ्यायला आपली काही हरकत नाही, असं रामप्रसाद घरी म्हणाला. ते साफ खोटं होतं. आष्टीला गावी गेला की अजूनही लोक 'पिस्तूलवाले आले' म्हणून ओट्यावर सरकून जागा देत. पिस्तूल गेलं की आपण खुर्चीवर पेंगणारं एक म्हातारं तेवढं उरणार, याची त्याला मनातून भीती वाटत होती.

"आवो, इतकी वर्षं गेटावर माश्याच मारून राह्यलात ना?" त्याची बायको दैवशाला म्हणाली. "मंग एक माशी दिसंना म्हणून जेवण कशापायी सोडलं?"

थट्टा करता करताच तिने माशीला लावायला सुनेची नेलपॉलिश आणून दिली. पांढरी लावली, तर उन्हात ती विरून जायची. नारिंगी लावली, तर माशी तुरीच्या दाण्याएवढी फुगायची आणि अख्खं टार्गेट झाकायची. मुळातली काळी माशी तर टार्गेटच्या काळ्या वर्तुळात बुडूनच जायची. शेवटी तो अंबडला चष्म्याच्या दुकानात गेला. डोळे तपासणाऱ्या तृप्तीला त्याने हात ताणून अंगठा दाखवला आणि नेमकं एवढ्या अंतरावरचं स्वच्छ दिसायला हवं, असं सांगितलं.

"एवढ्या अंतरावर काय बघायचं असतं काका?"

"माशी."

ती खळखळून हसली, पण काच बरोबर दिली. हातभर अंतरावरचा सदऱ्याचा टाकासुद्धा त्यातून मोजता यायचा, आणि त्यापुढचं जग पाण्यात पडल्यासारखं दिसायचं.

चष्म्याने माशी एक झाली, तरी काळी ती काळीच. जालन्यात बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने जुनी माशी काढून पितळेची गोल, मोहरीएवढी बसवून दिली. रामप्रसादने सहज विचारलं, पितळ कुठलं? "भंगारातलं," म्हातारा म्हणाला. "मिलला माल जातो, त्यातून निवडून ठेवतो मी. कशाचं काय व्हतं, कोणाला ठाऊक?"

अंबड रस्त्याला एका जुन्या खदानीत नेमबाजी क्लबचं चांदमारीचं मैदान आहे. तिन्ही बाजूंनी काळा कातळ, समोर मातीचा बांध, बांधापुढे लाकडी फळ्या. तिथली राखण कडूबाकडे. कडूबा आणि रामप्रसाद एका पलटणीतले, एका ताटात जेवलेले. फळीला खळ लावायची, टार्गेटचा कागद चिकटवायचा आणि भाकर थापावी तसा तळव्याने दोनदा थोपटायचा, ही कडूबाची रीत. उंच माणूस, मान जराशी डावीकडे कललेली.

पहिल्याच दिवशी पितळी माशी उन्हात ठिणगीसारखी उठून दिसली. रामप्रसादला हसू फुटलं. त्याने श्वास धरला, माशी खाचेत बसवली, आणि तिच्यामागच्या धुरकट पांढऱ्या कागदासमोर त्याला एक उभा डाग दिसला.

त्याने नजर उचलून चष्म्यावरून पाहिलं. फळी, कागद, बांध. कोणी नव्हतं.

पुन्हा माशी पाहिली. डाग तिथेच होता.

काचेला काही लागलं असेल म्हणून त्याने चष्मा पुसला. मान वळवली तरी डाग सोबत सरकत नव्हता, म्हणजे तो काचेवर नव्हता. तो त्या फळीपाशीच होता. रामप्रसादने शेवटी गोळी झाडली. कागद आणला तेव्हा भोक काळ्याच्या मधोमध होतं.

"वा रे पठ्ठ्या!" कडूबा म्हणाला. "अन् तोंड का पडलं?"

रामप्रसादने अडखळत सांगितलं. कडूबाने हसण्यावारी न्यायला हवं होतं. तो नेहमी तेच करायचा. या वेळी त्याने पिस्तूल मागून घेतलं, रामप्रसादचा चष्मा नाकावर चढवला आणि बराच वेळ समोर पाहत राहिला.

"मला तर काहीच न्हाई दिसत," पिस्तूल परत देताना तो म्हणाला. थोड्या वेळाने बिडी शिलगावत त्याने विचारलं, "उंच हाय का तो?"

"तो गडी हाय असं मी कुठं बोललो?"

"तसंच आपलं." कडूबा धूर सोडत राहिला. "त्यानं तोंड दाखवलं का?"

"न्हाई."

"मंग ठीक हाय. तू माशी बघ."

रामप्रसादने त्या दुरुस्तीवाल्या म्हाताऱ्याकडून काळी माशी परत बसवून घेतली. दुसऱ्या खेपेला एक गोळी कागदाला लागली नाही. झक मारत त्याने पुन्हा पितळी लावून घेतली. परीक्षा तोंडावर आली होती. मग तो त्या डागातून गोळ्या झाडायला शिकला. माणसाला कशाचीही सवय होते, त्यालाही झाली.

पण डाग आता डाग राहिला नव्हता. आधी त्याला खांदे आले. मग फळीकडे तोंड करून उभी असलेली पाठ. मग वर उचललेला एक हात, जणू तो कागद चिकटवत होता. आणि एका दुपारी रामप्रसादला त्याची मान दिसली. ती डावीकडे कललेली होती.

त्याने पिस्तूल खाली केलं आणि झटकन मागे वळून पाहिलं. कडूबा बाभळीच्या सावलीत बसून खळ ढवळत होता.

हे त्याने कडूबाला सांगितलं नाही. काय सांगणार? मित्राच्या पाठीवर आपण रोज नेम धरतो, हे कोणत्या तोंडाने बोलायचं?

परीक्षेच्या दिवशी वारा सुटला होता. मिथुन सर टेबलाशी उभे होते. बाकीचे रक्षक गोळ्या झाडून मोकळे झाले होते, कोणी पास, कोणी नापास. रामप्रसादची पाळी आली. कडूबा त्याच्या मागे खुर्चीत बसला होता. रामप्रसादने त्याला मुद्दाम तिथे बसवलं होतं.

हात ताणला. माशी लखलखली. पलीकडे पाठ उभी होती, हात वर.

सवयीने त्याने नजर उचलली. चष्म्यावरून.

पाठ तिथेच होती.

फळी स्वच्छ, कागद स्वच्छ, आणि कागदासमोर पांढऱ्या सदऱ्यातला उंच माणूस. चापावरचं बोट रामप्रसादने कसंबसं सोडवलं.

"कडूबा!" तो ओरडला. "हट तिथून!"

"काय रे?" आवाज मागून आला. "इथंच तर हाय मी."

फळीपाशी वर गेलेला तो हात सावकाश खाली आला. हाक ऐकून माणूस थबकतो, तसा तो थबकला. आणि वळू लागला.

रामप्रसादने डोळे मिटले. गोळ्या काढून पिस्तूल टेबलावर ठेवलं.

"काका, जमत नसेल तर राहू द्या," मिथुन सर मायेने म्हणाले. "या वयात डोळ्यांना ताण कशाला?"

"तसं न्हाई साहेब," कडूबा मध्येच उठला. "कागदाचा कोपरा सुटलाय वाऱ्यानं. फडफडून राह्यला, त्यानं नजर हालती. आत्ता चिकटवून येतो."

त्याने खळीचा डबा उचलला.

जाऊ नको, हे रामप्रसादच्या अगदी ओठांवर आलं. पण का जाऊ नको, हे मिथुन सरांनी विचारलं असतं. नसलेली माणसं दिसणाऱ्याच्या हातात कोण पिस्तूल ठेवतं? एवढाच विचार त्याच्या मनात आला, आणि तेवढा पुरला.

"जल्दी ये," तो म्हणाला.

कडूबा चालत गेला. रामप्रसाद आपल्या बुटांकडे बघत राहिला. खडीवरचा पायरव लांब गेला. थांबला.

थप. थप.

त्याने मान वर केली. फळीपाशी एकच माणूस होता. तो डबा घेऊन परत येत होता.

या वेळी माशीपलीकडे काही नव्हतं. धुरकट, रिकामा, पांढरा कागद. रामप्रसादने सगळ्या गोळ्या काळ्यात घातल्या. रक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मिथुन सरांनी हात मिळवला. त्याला आनंद झाला नाही, पण सुटल्यासारखं झालं, हे खरं.

कडूबा कागद घेऊन त्याच्यासमोर येऊन उभा राहिला, हातभर अंतरावर. रामप्रसादच्या नाकावर तोच चष्मा होता. कागदावरच्या भोकांच्या काळपट कडा दिसल्या. अंगठ्यावर वाळलेली खळ दिसली. सदऱ्याच्या वरच्या बटणाचा निळा दोरा दिसला.

त्याच्या वर चेहरा धूसर होता.

रामप्रसादने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोरा तेवढाच स्पष्ट होता.

"चल की," कडूबा म्हणाला. आवाज त्याचाच होता. "घरी सोड मला."

रामप्रसादने त्याला गाडीवर मागे घेतलं आणि वाटेत एकदाही आरशात पाहिलं नाही. दिवस मावळायच्या आत ते पोचले. चष्मा त्याने सदऱ्याच्या खिशात टाकला होता, काडी तेवढी बाहेर दिसत होती. कडूबाची बायको गोजरबाई दारातच ज्वारी निवडत बसली होती. बारीकातला बारीक खडा उचलून फेकणारी बाई, चष्मा तिने कधी हातात धरला नव्हता.

"बसा भावजी, पाणी आणते," म्हणत ती उठली, आणि उठता उठता तिने नवऱ्याकडे पाहिलं. पदराने डोळे पुसले. पुन्हा पाहिलं.

"भावजी," ती हसत म्हणाली, "कुठून आणला तुम्ही चष्मा? मलाबी लागला जणू आता."

कडूबा तिच्या शेजारून घरात गेला.