बाईंना फ्रेंच येत नाही

बस गेली होती. नेरिस धापा टाकत चर्चपाशी पोचली, तेव्हा बसचे लाल दिवे पुलापलीकडे वळत होते. नोव्हेंबरचा तो बारीक, चिकट पाऊस नेमका तेव्हाच जोर धरायला लागला. पुढच्या गावातल्या शाळेत तास होता आणि छत्री वेल्सला, आईच्या घरी, दाराआड टांगलेली.

एक पांढरी व्हॅन पुढे गेली, थांबली, आणि मागे मागे येत तिच्यासमोर उभी राहिली.

"यू... इंग्लिश टीचर?" आतला तरुण हातवारे करत म्हणाला. "आय... स्कूल! ईट! कम!"

शाळांना दुपारचं गरम जेवण पोचवणारी व्हॅन होती ती. नदीकाठच्या तीन गावांत तो जेवण पोचवायचा, आणि त्याच तीन प्राथमिक शाळांत नेरिस एप्रिलपर्यंत मुलांना इंग्रजी बोलायला शिकवणार होती.

"थँक यू," म्हणून ती चढली. फ्रेंच तिला उत्तम येत होतं. पण मुख्याध्यापिका मादाम व्होतिए यांनी आल्या दिवशीच बजावलं होतं, "तुम्हाला फ्रेंच कळतं हे पोरांना समजलं, की संपलं! इंग्रजीचा एक शब्द काढणार नाहीत तोंडातून. गावातही सांभाळा. इथे सगळे एकमेकांचे काका-मामा आहेत."

म्हणून ती गप्प बसली. आणि तो बोलत सुटला... फ्रेंचमध्ये, स्वतःशीच.

"आमची पुतणी मायलिस म्हणते, बाईंना फ्रेंचचं अक्षर कळत नाही. बरंच आहे. नाहीतर काय बोलणार होतास योआन? की तुमचे डोळे... जाऊ दे. अंगाला कांद्याचा वास मारतोय, आणि चालला डोळ्यांवर बोलायला!"

नेरिसने खिडकीबाहेर बघत जीभ चावली. बंद पडलेली लोखंडाची ओतशाळा मागे गेली, फुटक्या काचांची, ओली, काळी. तिला मात्र हसू आवरत नव्हतं.

पुढच्या आठवड्यातही बस चुकली. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिने ती चुकवली.

"आज विचारूनच टाकतो," एकदा तो रस्त्यावर नजर ठेवून म्हणाला. "तुम्हाला कळणारच नाही, म्हणजे नाही म्हणायची भीती नाही. माझ्याबरोबर कॉफी घ्याल?"

"तेवढं कांद्याच्या वासाचं जाकीट बदलून येणार असाल तर... घेईन," नेरिस स्वच्छ फ्रेंचमध्ये म्हणाली.

व्हॅन कचकन कडेला गेली. मागे डब्यांची झाकणं खडखडली.

"म्हणजे... सगळं? पहिल्यापासून?"

"डोळ्यांपासून."

"अरे देवा!" त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. "आणि मी गाणी म्हणायचो, तीही?"

"ती तर नदीपलीकडेही ऐकू गेली असतील."

तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी ती उतरताना त्याने प्रथमच अहो-जाहो सोडलं. "उद्या येशील ना... तू?"

डिसेंबरभर ती दोघं व्हॅनच्या उबेत एकमेकांना उलगडत गेली. शाळेत ती मुकी, गाडीत बोलकी. गिअर बदलता बदलता त्याचा हात तिच्या हातावर विसावायचा आणि काही वेळ तिथेच राहून जायचा. तो सारखा थोरल्या भावाबद्दल, सिल्व्हँबद्दल, सांगायचा. वडील ओतशाळेत भाजून गेले तेव्हा योआन सात वर्षांचा होता. सिल्व्हँने शाळा सोडली आणि त्याच भट्टीपुढे जाऊन उभा राहिला, धाकट्याच्या तोंडात घास पडावा म्हणून. मायलिस त्याचीच मुलगी.

ख्रिसमसच्या सुट्टीनंतर नेरिसने वर्गात घराचे इंग्रजी शब्द शिकवायला घेतले. मुलांनी घरं काढली. बेडरूम, किचन, बाथरूम. मायलिसने घराच्या खाली एक काळा चौकोन रंगवला होता, खडू मोडेपर्यंत.

"अँड धिस?" नेरिसने विचारलं.

मायलिस तिच्या कानाशी आली आणि फ्रेंचमध्ये पुटपुटली, "तळघर. पप्पा ममाला मारतात आणि मग इथे ठेवतात. काल मी रडले, म्हणून मलाही ठेवलं. कोणाला सांगायचं नाहीये. तुम्हाला सांगितलं तर चालतं. तुम्हाला कळतच नाही."

आणि ती गोड हसली. "सेलर," एवढंच नेरिस कसंबसं म्हणाली, आणि मायलिसने तो शब्द अगदी अचूक म्हणून दाखवला.

"योआन, गाडी थांबव," दुपारी ती म्हणाली आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. तो समोर बघत राहिला. टपावर पाऊस वाजत होता.

"तुला माहीत होतं?"

"तो ओरडतो कधीकधी. एवढंच..."

"योआन."

"मागच्या हिवाळ्यात वहिनीचा, देल्फिनचा, हात मोडला. जिन्यावरून पडले म्हणाली. मी... मानलं." तो तिच्याकडे वळला. "मी बोलतो त्याच्याशी. थोडे दिवस दे मला. पोलीस नकोत गं! त्याने मला वाढवलंय. त्याला मी धरून देऊ?"

"तू नको देऊस. मी सांगते."

"तू एप्रिलमध्ये निघून जाशील! आम्हाला इथेच तोंड दाखवायचंय."

"आज घरी जायचंय तिला. त्याच घरी."

नेरिस उतरली आणि पावसातून चालत शाळेत परतली.

मादाम व्होतिए यांनी दार लावून घेतलं. ऐकता ऐकता चष्मा काढला.

"सिल्व्हँ माझ्या हाताखाली शिकलाय," त्या म्हणाल्या. "वर्गात सगळ्यांत हळवा होता."

मग मादामनी फोन उचलला. पोलिसांचा नंबर फिरवला.

मायलिस त्या दिवशी घरी गेलीच नाही. संध्याकाळी पोलीस सिल्व्हँला घेऊन गेले, आणि देल्फिन आणि मायलिसची सोय रँस शहरात, देल्फिनच्या बहिणीकडे झाली. निघण्याआधी शाळेच्या व्हरांड्यात मायलिस कोट घालून उभी होती, शेजारी बालकल्याण खात्याची एक अनोळखी बाई तिची पिशवी धरून. नेरिस गुडघ्यांवर बसली आणि पहिल्यांदाच तिच्याशी फ्रेंच बोलली.

"मायलिस, बाळा, आता कोणी तुला..."

मुलगी एक पाऊल मागे सरली. "तुम्हाला येत होतं," ती म्हणाली. "तुम्ही खोटं बोललात."

मायलिस वळली आणि त्या बाईचा हात धरून निघाली.

मग गावाने पाठ फिरवली. बेकरीत तिचा नंबर सगळ्यांच्या शेवटी यायला लागला. पालक पोरांचे हात धरून लांबून जात. आणि पांढरी व्हॅन रोज बसथांब्यावरून न थांबता निघून जाई. चालवणारा समोर बघत असे... फक्त समोर.

एप्रिलच्या सुरुवातीला शार्लव्हिल शहरातल्या कोर्टात खटला उभा राहिला. नेरिसने ऐकलं होतं तेवढं सांगितलं. मग योआनला बोलावलं. भावाच्या बाजूने चांगले चार शब्द सांगायला तो आला होता. पुढच्या बाकावरून दोघांच्या आईने त्याच्याकडे बघून मान हलवली.

"त्याने मला वाढवलं, हे खरं आहे," योआन म्हणाला. "तो बायकोला मारायचा, हेही खरं आहे. मला माहीत होतं. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायचो आणि वहिनीच्या मनगटांकडे बघायचं नाही, असं ठरवून बसायचो."

सिल्व्हँ भावाकडे बघत राहिला. रागाने नाही. त्याने ओंजळीत तोंड लपवलं. त्याला तुरुंगवास झाला.

बाहेर पायऱ्यांवर बोचरा वारा सुटला होता. योआन येऊन तिच्याशेजारी उभा राहिला. किती वाळला होता!

"तू थांबली नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"बरं केलंस. थांबली असतीस तर मी आणखी थोडे दिवस मागितले असते. मग आणखी थोडे..."

"शनिवारी जातेय मी," ती म्हणाली. मग एका दमात, "चल माझ्याबरोबर. आमच्याकडच्या पोरांनाही दुपारी भूक लागते."

तो हसता हसता राहिला. "सिल्व्हँ एक दिवस सुटेल. आधी रँसला जाईल. तेव्हा त्या दारात असा कोणीतरी हवा, ज्याच्यावर त्याचा हात उठणार नाही. मी तिथे खोली घेतलीय. देल्फिन ये म्हणाली. मायलिस अजून बोलत नाही माझ्याशी."

"तिला वेळ दे."

"देईन." तो म्हणाला. "नेरिस... माझं तुझ्यावर प्रेम आहे. ख्रिसमसलाच सांगणार होतो. नंतर सांगायला तोंड उरलं नाही."

"माझंही आहे," ती म्हणाली. "तू न थांबता निघून जायचास ना... तेव्हाही होतं."

त्याने तिचा हात हातात घेतला. तेवढ्यात मागचं दार उघडलं. शेजारणीच्या आधाराने त्याची आई बाहेर आली, आणि तिच्यामागून गावची सगळी माणसं. म्हातारीने आधी मुलाकडे पाहिलं, मग त्या हातांकडे. नेरिसने हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला. त्याने तो घट्ट धरला.

"आई," तो म्हणाला.

ती तोंड फिरवून पायऱ्या उतरली. तिच्यामागून एकेक जण, न बोलता, त्यांना वळसा घालून गेला. शेवटचा माणूस कोपऱ्यावर दिसेनासा झाला. तरी योआनने तिचा हात सोडला नाही.