निकानोरच्या नावाचं पाणी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या आईची शपथ... बरं, आईची नको, ती आत जागी आहे आणि कानाने तिखट आहे. निकानोरची घेतो. तो बिचारा मेलाय, त्याचं काय जातंय? यातला एकही शब्द माझा नाही. म्हणजे थोडे आहेत. यादिरने मला हे सांगितलं तेव्हा त्याचे दात इतके वाजत होते की निम्मं कळलंच नाही. तेवढी जागा मी भरली.

लुस्दारी, मोबाइलचा दिवा बंद कर. वीज गेलीय तर गेलीय.

"काका, मागच्या वेळचा तो बोलणारा शार्कसुद्धा खराच होता ना?"

"तो खोटा होता. म्हणून तर बोलत होता. यातले बोलत नाहीत."

तर. गेल्या वर्षी, ईस्टरच्या पवित्र आठवड्याच्या आधीचा शुक्रवार. डोमितिलाच्या नवऱ्याची, निकानोरची, नववी रात्र. आपल्याकडे मयताला नऊ रात्री बसतात हे तुम्हाला सांगायला नको. कोपऱ्यात मांडणी करायची: पांढरी चादर, मेणबत्त्या, फोटो, आणि फोटोपुढे पाण्याचा पेला. रोज संध्याकाळी ताजं पाणी. आणि पेला ठेवताना मेलेल्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. नाव घेतलं की ते पाणी त्याचं. नाही घेतलं तर जो तहानलेला असेल त्याचं.

पेला भरायचं काम डोमितिलाने भाच्याकडे दिलं होतं. यादिरकडे. सकाळी पेला रिकामा दिसला की ती खूश व्हायची. शेजारणींना सांगायची, "बघा, पितोय माझा म्हातारा. जिवंत होता तेव्हा रमशिवाय काही गिळत नव्हता."

नवव्या रात्री अंगण भरलेलं. डॉमिनोच्या सोंगट्या आपटतायत, आत जपमाळ चाललीय, कॉफीवर कॉफी. आणि पाणी संपलं. या बेटावर गोडं पाणी काल नव्हतं, आज नाही. डोमितिला म्हणाली, "यादिर, धक्क्यावर जा. बोटवाल्याकडून एक कॅन आण. आणि वाटेत पोरींशी गप्पा मारत बसू नकोस."

"मावशी, मी कधी बसतो?"

"झोपतोस तेव्हाच काय तो बसत नाहीस."

गेला. कॅन खांद्यावर घेतला आणि किल्ल्याच्या बाजूने परत निघाला. चांदणं स्वच्छ. समुद्र गप्प.

किल्ल्याच्या भिंतीला टेकून माणसं बसली होती. लांबच लांब ओळ. जाड लाल लोकरी डगले, गळ्यापर्यंत बटणं. यादिरला वाटलं, शहरातल्या कुठल्यातरी हॉटेलने गोऱ्या पाहुण्यांसाठी नाटक मांडलंय. तो हसून म्हणालासुद्धा, "काय रे, या उकाड्यात लोकर? पगार तरी बरा देतात का?"



मग त्याला दिसलं की ती माणसं कुडकुडतायत. मार्चमध्ये. आपल्या बेटावर.

पहिल्याने टोपी काढली आणि उलटी करून पुढे धरली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी. सगळ्यांचे डोळे कॅनवर.

यादिर पळाला. मागे पावलांचा आवाज नव्हता. पण घराशी पोचून त्याने वळून पाहिलं तेव्हा ते सगळे गल्लीच्या तोंडाशी उभे होते.

या लाल डगल्यातल्या इंग्रज सैनिकांची गोष्ट शाळेत शिकलात ना? तीनशे वर्षं होत आली. आले होते जहाजांचं जंगल घेऊन, स्पॅनिशांकडून समोरचं कार्ताहेना शहर हिसकायला. आपल्या इथला किल्ला घेतला. शहर काही घेता आलं नाही. पिवळ्या तापाने किड्यामुंग्यांसारखे मेले. अंगात ताप, घशाला कोरड, आणि चारी बाजूंनी खारं पाणी.

डोमितिलाने यादिरचं तोंड पाहिलं, त्याच्या मागे गल्लीच्या तोंडाशी उभे लाल डगले पाहिले, आणि दुसरं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "पेला ठेवताना काय म्हणायचास?"

"मावशी..."

"काय म्हणायचास?"

"फोन चालू असायचा... मी नुसता ठेवायचो."

तिने त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की अंगणातल्या सोंगट्या थांबल्या. "आठ रात्री माझा नवरा कोरड्या घशाने बसलाय! आणि मी या फुकट्यांना पाजत होते! पहाटे मांडणी उचलायची. आज नाही प्यायला, तर तसाच जाईल तो. कायमचा."

तेवढ्यात ढोल वाजला.

एकच ढोल. संथ. गल्लीतून... मग मागच्या बाजूने... मग समुद्राकडून. घराला वेढा पडला होता.

अंगण रिकामं झालं. आज विचाराल तर प्रत्येक जण सांगेल की आपण त्या रात्री लवकरच घरी गेलो होतो. जपमाळवाली बाई कुंपणावरून गेली. तिचं वय आणि कुंपणाची उंची दोन्ही मी सांगत नाही.

डोमितिलाने दार लावलं नाही. खुर्ची ओढून उंबऱ्यात बसली. ताजं पाणी भरलेला पेला मांडीवर. यादिर तिच्या खुर्चीमागे.

लाल डगले कुंपणापाशी आले. एक पुढे झाला. काठीला पांढरं फडकं. त्याने कॅनकडे बोट दाखवलं. पेल्याकडे दाखवलं. मग समुद्राकडे. द्या, आम्ही जातो.

"आधी तो ढोल बंद कर," डोमितिला म्हणाली. "घरात दुखवटा आहे. आईने काही शिकवलं नाही का?"

ढोल बंद झाला. खरंच.

"आता ऐक. त्या किल्ल्याचा एकेक दगड कुणी वाहिला? माझ्या पणजीच्या पणजीने. पायात बेडी घालून. स्पॅनिश साहेबाने तिला घोटभर पाणी विचारलं नाही. मग तू आलास तोफा घेऊन. तूही विचारलं नाहीस. भांडण तुम्हा दोघांचं, मेलो आम्हीसुद्धा. किल्ला घेतलास? ठेव. हा पेला मिळणार नाही. हा निकानोरचा आहे."

ते कुंपणाच्या आत आले.

"निकानोर!" ती ओरडली.

आणखी एक पाऊल. मेणबत्त्या विझल्या. यादिर सांगतो, वास आला... ओल्या लोकरीचा.

"निकानोर!"

आता टोप्या तिच्या गुडघ्यांशी. रांगेने. इतक्या जवळ की तिला आत दिसत होतं. टोप्यांच्या आत मीठ होतं. पांढरं, साचलेलं.

ती उठली नाही. म्हणाली, "पाणी हवंय? नाव सांगा. ज्याला नाव असेल त्याला मी माझ्या हाताने देईन. बोला!"

सगळ्यांनी तोंडं उघडली.

...

काहीच नाही. उघडी तोंडं. तशीच. किती वेळ, कुणास ठाऊक. खड्ड्यात एकावर एक टाकलेली माणसं. त्यांचं नाव घेणारं मागे कोण राहिलं असेल?

"मग व्हा बाजूला," ती म्हणाली. आवाज जरा खाली आला होता, पण पेला तिने सोडला नाही. "निकानोर, ये. तुझी वाट अडवायची यांची छाती नाही."

आणि मांडीवरच्या पेल्यातलं पाणी खाली जायला लागलं.

हळूहळू. एक बोट. दोन बोटं. आणि फुर्रर्र असा आवाज. यादिर शपथेवर सांगतो, निकानोर सूप असंच प्यायचा, सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. डोमितिला रडत होती आणि हसत होती. "सावकाश पी, मेल्या," म्हणत होती. "ठसका लागेल."

पेला रिकामा झाला. कोंबडा आरवला. अंगणात कुणी नव्हतं.

तिने मांडणी उचलली, चादर झटकली, आणि दाराबाहेर आली. आणि थांबली.

बाहेरच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, चुन्यात काहीतरी कोरलं होतं. खिळ्याने कोरावं तसं. वेडीवाकडी अक्षरं. एक नाव. त्यानंतर तिने त्यावर दोनदा चुना मारलाय. सुकला की नाव वर येतं.

"काय नाव, काका?"

"विल्यम."

"खरं?"

नाही. एवढं मी बनवलं. बाकी सगळं जसंच्या तसं, पण विल्यम माझा. भिंतीवर काय आहे ते मी वाचलंय, डोमितिलाने वाचलंय. ती ते उच्चारत नाही, मीही उच्चारणार नाही. शब्द दिलाय तिने, ज्याला नाव असेल त्याला स्वतःच्या हाताने पाणी द्यायचा. आणि घरात थेंब नाही, पाण्याची बोट आता परवाच येणार आहे.