उतरा, पोचलो

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून बजावलं आहे. बोलून मी सांगणारही नाही. वर्गात हजेरीला माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत जात नाही. म्हणून लिहिते आहे. आई शेळ्या आणायला गेली आहे. ती येईपर्यंत पुरं करायला हवं.

त्या गुरुवारी मी आप्पांना, म्हणजे वडिलांना, जेवणाचा डबा द्यायला गेले होते.

वडवणीच्या पुढच्या माळावर आधी आमची मेंढरं चरायची. आता तिथे मोहनरावांचा पार्क झाला आहे आणि आप्पा त्यात कामाला आहेत. पार्कात पोलादी रुळांचं निळं रोलर कोस्टर आहे. ते साखळीने सावकाश वर चढत नाही. गाडी फलाटावरून चुंबकाच्या जोराने एकदम फेकली जाते आणि त्याच झोकात समोरची उंच कमान ओलांडते. जोर कमी पडला तर ती माथ्याखालून उलटी घसरत परत फलाटावर येते.

गाडीत सोळा खुर्च्या, दोन-दोनच्या आठ रांगा. प्रत्येक खुर्चीला मांडीवर ओढून घ्यायचा एक दांडा आहे. तो टक टक करत खाली येतो आणि मांडीला टेकला की थांबतो. रिकाम्या खुर्चीवर सात टक वाजतात. मी बसले की पाच. आप्पा बसले की तीन. मी मोजलेत. बोलत नसलं की माणूस मोजत राहतं.

आमच्यात एक रीत आहे. मेंढरांमागे फिरताना जे वाटेतच मेले आणि रानातच पुरले गेले, ते घरी पोचलेले नसतात. म्हणून बैलगाडी असो की टेम्पो, नव्या गाडीच्या पहिल्या फेरीला एक जागा मोकळी ठेवायची आणि म्हणायचं, "या, बसा." फेरी पुरी झाली की तिथे पाणी सोडून म्हणायचं, "उतरा, पोचलो."

आप्पांनी रोलर कोस्टरच्या पहिल्या चाचणीला तेच केलं. पंधरा खुर्च्यांवर वाळूची पोती बांधली. पाचव्या रांगेतली डावी खुर्ची मोकळी ठेवली आणि तिला हात जोडून म्हणाले, "या, बसा." गाडी सुटली, कमानीवर अडली आणि उलटी परत आली. फेरी पुरी झालीच नाही. मग "उतरा" म्हणणार कसं? आप्पा लोटा हातात धरून तसेच उभे राहिले.

तेव्हापासून त्या रिकाम्या खुर्चीचा दांडा चार टकांवर थांबू लागला.

पुण्याहून इंजिनियर आले. त्यांनी दांडा बदलला. नवाही चारवरच थांबला. जुना दुसऱ्या खुर्चीला लावून पाहिला, तिथे सात वाजले. आणि गाडी रोज कमानीवरून मागे येत राहिली.

"पाडव्याला उद्घाटन हाय," मोहनराव आप्पांना म्हणाले. "गाडी पल्याड न्हाई गेली, तर तू बी उद्यापासून येऊ नको."

ऊसतोडीचा मुकादम आमच्या दारात दोनदा येऊन गेला होता. नोकरी गेली असती तर आई-आप्पा ऊसतोडीला गेले असते, त्यांच्याबरोबर मीही, आणि माझी दहावी इथेच संपली असती. आप्पांनी जे केलं ते त्यासाठी केलं.

तोड सांगितली आप्पांच्या आत्याने, वच्छलाबाईने. "ज्यानं बसवलं, त्यानंच शेजारी बसून फेरी पुरी करावी. आन पोचल्यावर उतरा म्हनावं." मग ती माझ्याकडे वळली. "बापाच्या तोंडून शब्द न्हाई फुटला, तर तू म्हन पोरी. लगेच म्हन. उठायच्या आत."

म्हणून मी डब्याबरोबर पाण्याचा लोटा घेतला होता.

भर दुपार होती. रूळ तापून अधूनमधून कडकन वाजत होते. ग्रीसचा आणि वाळल्या गवताचा वास येत होता. बटणापाशी आप्पांच्या जोडीला कामाला असलेले सुग्रीवकाका होते. आप्पा पाचव्या रांगेत उजवीकडे बसले.

"अंगद्या, शेजारची शीट कुनाला धरली बे? सासऱ्याला का?" काकांनी आप्पांना विचारलं.

"सासऱ्याला यष्टी बी लागती," आप्पा म्हणाले. "ह्यात काय बसतंय ते."

मीसुद्धा हसले. आप्पांनी स्वतःचा दांडा ओढला. तीन टक. मग शेजारचा ओढला. एक, दोन, तीन, चार...

सुग्रीवकाकांचं हसू थांबलं.

"उजे, लांब हो," आप्पा म्हणाले.

गाडी सुटली. पायाखालचा फलाट थरथरला. निळ्या कमानीवर ती चढली, माथ्याशी क्षणभर रेंगाळली आणि पहिल्यांदाच पलीकडे गेली. मग आवाजच थांबला. चाकांचा ऐकू येईना, वाऱ्याचाही येईना.

"इंजिनियर म्हनला, अडतीस सेकंद लागत्यात," सुग्रीवकाका पुटपुटले.

मी मोजत होते. अडतीस झाले. पन्नास झाले. एकसष्टला गाडी वळणावरून आली, अगदी सावकाश, आणि तिच्याबरोबर ओल्या लोकरीचा वास आला. त्या माळावर दोन वर्षांत एक मेंढरू फिरकलेलं नाही.

आप्पा सरळ समोर बघत होते. दोन्ही हात दांड्यावर. ओठ मिटलेले.

"आप्पा..."

त्यांनी मान वळवली नाही. आता मला म्हणायचं होतं. दोनच शब्द. मी लोटा पुढे केला, तोंड उघडलं, आणि हजेरीला होतं तेच झालं. घशातून नुसती हवा आली.

सुग्रीवकाकांनी बटण दाबलं. सगळे दांडे वर गेले. आप्पा उठले. पाहुणा घरातल्या लेकरांकडे बघतो तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते उतरून गेले.

सुग्रीवकाकांनी धावत येऊन डाव्या खुर्चीचा दांडा दाबला. सात टक. "गेलं!" ते ओरडले. "गेलं बग, पोरी!"

मी उजव्या खुर्चीचा दाबला. आप्पा नुकतेच उठले होते तिचा.

एक. दोन. तीन.

मी सगळा भार टाकला. तीन.

पाडव्याला उद्घाटन झालं. गाडी आता एकदाही मागे येत नाही. उजव्या खुर्चीवर 'बंद' अशी पाटी लावली आहे. आप्पांची नोकरी टिकली, माझी शाळा चालू आहे. जे हवं होतं ते सगळं झालं. मी रोज शाळा सुटल्यावर जाते, त्या खुर्चीवर पाणी सोडते आणि म्हणते, "उतरा आप्पा, पोचलो." आता तिथे आवाज निघतो. फाटकावरचे लोक वळून बघतात, इतका निघतो. मग दांडा दाबते. तीन.

वच्छलाबाईला विचारलं, तर तिनेच मला विचारलं, "त्याला कुनी बसा म्हनलं व्हतं का? ज्याला आपुन बसवलंच न्हाई, त्याला उतरवायचं कसं..."

आईला विचारलं, तर ती म्हणाली, "कावून इचारती सारखं? रोज कामावर जातंय ना? गप ऱ्हा." पण ती आता चुलीपाशी झोपते, आतून कडी लावून, मला कुशीत घेऊन.

ते कामावरून येतात आणि अंगणातल्या बाजेवर बसतात. उजव्या कडेला. डावीकडची जागा सोडून. दोन्ही हात मांड्यांच्या वर वीतभर, मुठी आवळलेल्या, जसं काही धरून ठेवलंय. जेवायला हाक मारेपर्यंत तसेच. काल गावातला कळप आमच्या दारावरून चालला होता. सगळी मेंढरं त्यांच्यासमोर थांबली आणि मेंढक्याने कितीही हाकललं तरी हलेनात.

आत्ता बाज करकरली. ते आज लवकर आलेत. आप्पा मला कायम ओरडून हाक मारायचे, उजे म्हणून. हा आवाज हळू आहे, अदबीचा.

"उज्ज्वलाबाई... या... बसा."

आई अजून आलेली नाही. खिडकीतून बाजेवरची डावी जागा दिसते आहे. मला फक्त नाही म्हणायचं आहे, एकच शब्द, पण माझा आवाज