एकाच नावाची दोन स्टेशनं

"आजोबा, तुम्ही नेमके आहात तरी कुठे?" चिमणीने फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

"अगं, तुमच्याच स्टेशनवर! डोक्यावर पाटी आहे, नाव चांगलं ठळक लिहिलंय!"

चिमणीने वर पाहिलं. तिच्या डोक्यावरही तेच नाव! पण फलाट रिकामा. धाकटा ढब्बू बाकांखालीसुद्धा वाकून बघून आला होता.

"बाकाखाली काय शोधतोस? आजोबा म्हणजे काय मांजर आहेत?" चिमणी त्याला म्हणाली.

बाबांनी कपाळाला हात लावला. "अण्णांचं वय झालं. भलतीकडेच उतरलेत आणि वाचतायत भलतंच. यापुढे एकट्याने प्रवास बंद!"

चिमणीने फोन कानाला आणखी घट्ट लावला. आजोबांना खरंच काही समजेनासं झालं होतं का? पण आवाज तर नेहमीसारखा खणखणीत!

"आजोबा, पाटीचं राहू द्या. समोर काय दिसतंय?"

"पाण्याची लाल टाकी. शेजारी लाकडाची वखार."

"लाल टाकी?" ढब्बू ओरडला. "ती तर पुढच्या स्टेशनला! मी नेहमी खिडकीतून बघतो!"

तेवढ्यात गाडी आली. तिघं चढले, चार मिनिटांत उतरले आणि जागीच खिळले. समोरच्या पाटीवर नाव होतं त्यांच्याच स्टेशनचं!

"गाडी गोल फिरली की काय?" ढब्बूने डोळे चोळले. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. रोजचे प्रवासी वर न बघताच चालले होते. दोन नवखी माणसं मात्र भांबावून उभी होती. आणि बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन, आजोबा!

पाटी कोरी करकरीत होती. मागे भिंतीला टेकवलेली जुनी पाटी चिमणीला दिसली. तिच्यावर वेगळंच नाव होतं! ती धावतच स्टेशनमास्तरांच्या खोलीत शिरली.

"साहेब, तुमच्या स्टेशनचं नाव काय हो?"

मास्तरांनी हसत सांगितलं.

"मग बाहेर येऊन वाचून दाखवा!"

"अगं, तासाभरापूर्वीच नवी पाटी लावलीय. मी स्वतः सही केलीय!" ते कुरकुरत बाहेर आले, वर पाहिलं आणि आ वासून उभे राहिले. "अरेच्चा! ही तर शेजारच्या स्टेशनची! सही करताना मी वर पाहिलंच नाही. शाबास गं पोरी, आणखी किती जण चुकले असते!"

आजोबा हळूच म्हणाले, "मलाच वाटायला लागलं होतं, माझं डोकं चालेनासं झालंय."

बाबांनी त्यांची पिशवी उचलली. "अण्णा, चुकलं माझं. तुम्ही बरोबर सांगत होतात. आम्हीच ऐकलं नाही."

"ही ऐकत होती की!" आजोबांनी चिमणीला जवळ घेतलं.

"आणि मी?" ढब्बू मध्येच घुसला.

"तू? तू खिडकीतून नीट बघत होतास. मोठ्यांना तेवढंही जमत नाही रे!"