गाडीची उचकी

"आधी बॉनेट उघड, मग भांड," ताई म्हणाली.

ढब्बूने बॉनेट उघडलं, पण भांडण काही सोडलं नाही. तो तिचा मावसभाऊ. सुट्टीला आला की खाण्यात आणि वाद घालण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. "गॅरेजवाले म्हणालेत ना, इंजिन गेलं? रविवारी भंगारवाला ट्रक घेऊन येतोय. आपण काय मोठे दिवे लावणार?"

"त्यांनी बॉनेट तरी उघडलं होतं का? फाटकात उभे राहून चहा पीत आवाज ऐकला आणि निकाल देऊन मोकळे झाले."

गाडी आईची होती. हिवाळ्यात आई गेली आणि गाडी अंगणात उभी राहिली. सुट्टी लागल्यावर बाबांनी ती बाहेर काढली. सीट आईच्या उंचीची, त्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागत होते, तरी त्यांनी ती मागे सरकवली नाही. फाटकापर्यंत जाईतो गाडी गचके द्यायला लागली. "उचकी लागली वाटतं हिला," बाबा म्हणाले. "कोणीतरी आठवण काढतंय." मुलांनी हसावं म्हणून म्हणाले बिचारे, पण त्यांचं त्यांनाच हसू आलं नाही.

मग गॅरेजवाल्यांचा निकाल आला आणि बाबांनी लगेच मान डोलावली. आईचे कपडे गेले, चपला गेल्या, आता गाडीही जाणार. तिने हट्ट धरला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "सरळ चालली तर ठेवू." तेसुद्धा विषय संपवायला.

"हे बघ," ताई म्हणाली. "आत चार सिलिंडर आहेत. चौघं मिळून गाडी ओढतात. एकाने अंग चोरलं की गचका. तो कामचुकार कोण, ते शोधायचं." शाळेत कार्यशाळेच्या तासाला बाईंनी इंजिन उघडून दाखवलं होतं. वर्गात तेव्हा जागी होती ती एकटी ताई.

"घरचा कामचुकार मला माहितीये," ढब्बू धाकट्या काकांच्या खोलीकडे मान हलवत म्हणाला. "पण तो या गाडीत मावणार नाही."

छोटी खुदकन हसली. ही ताईची धाकटी बहीण, आठ वर्षांची. ती स्टुलावर बसून टॉर्च धरत होती आणि डोळ्यांची पापणी न लववता सगळं पाहत होती.

प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर ठिणगी पाडणारी एक कॉइल होती. इंजिन बंद करायचं, एका कॉइलची वायर काढायची, मग ढब्बूने किल्ली फिरवायची आणि सगळ्यांनी ऐकायचं. पहिलीची वायर काढली, गाडी आणखीच थरथरली. म्हणजे पहिला कामाचा होता. दुसरीलाही तसंच झालं. तिसरीची वायर काढली, आणि आवाजात तिळभरही फरक पडला नाही.

"सापडला," ताई म्हणाली. "हा आधीपासूनच काम करत नव्हता, म्हणून काढल्याने काही बिघडलं नाही."

तिने कॉइल उपसली. खालच्या खोबणीत तांबूस पाणी साचलं होतं. तिघांनीही एकदमच काकांच्या खोलीकडे पाहिलं. बाबांनी गाडी बाहेर काढली त्याच्या आदल्याच दिवशी काकांनी मोठ्या हौसेने ती धुतली होती. इंजिनसुद्धा लख्ख करतो म्हणून पाइप थेट आतच सोडला होता.

"उचकी लागली की पाणी पाजतात," ढब्बू म्हणाला. "हिला पाणी पाजूनच लागली."

पाणी फडक्याने टिपलं, हेअर ड्रायरने सगळं खडखडीत वाळवलं आणि वायर टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवली. गाडी एका लयीत चालायला लागली. ताईला इतका आनंद झाला की तिने ढब्बूला मिठी मारली. छोटी मात्र घरात निघून गेली.

सकाळी बाबांना दाखवायला गाडी सुरू केली, तर पुन्हा गचके. बाबा आत निघून गेले. ताईने पाहिलं, तिसरी वायर निघालेली होती. तिने ती बसवली. दुपारी जेवून आली, तर पुन्हा निघालेली.

"वायर काही आपणहून फिरायला जात नाही," ढब्बू म्हणाला. "हे काकांचंच काम. त्यांना इथे त्यांची बाइक लावायचीय."

दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीत दबा धरून बसले. वायर ताईने नीट बसवून ठेवली होती. काका घोरत होते. थोड्या वेळाने अंगणात आली ती छोटी. तिने स्टूल ओढलं, बॉनेट कसंबसं उचललं आणि नेमकी तिसऱ्या वायरची क्लिप दाबली.

ताई धावत बाहेर आली. "तू? अगं, भंगारात जाईल ती! चालेल तुला?"

छोटीने वायर हातात घट्ट धरून ठेवली. "तुम्ही उचकी थांबवलीत. आता आई आठवण काढते ते कळणार कसं?"

मागे बाबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते सावकाश स्टुलापाशी येऊन खाली बसले.

"ते मी उगाच म्हणालो होतो, बाळा. चुकलंच माझं."

"म्हणजे आई आठवण काढत नाही?"

बाबांचा चेहरा पिळवटला. ताईला वाटलं, आता हे काहीतरी गोड सांगतील, सगळे सांगतात तसं.

"नाही," बाबा म्हणाले. "आई आता नाहीये. तिच्याकडून काही येणार नाही, उचकीसुद्धा नाही. आठवण आपणच काढायची." हिवाळ्यापासून घरात हे कोणी बोललंच नव्हतं.

छोटीने वायर स्वतःच जागेवर ठेवून दाबली. टक् वाजलं.

बाबांनी भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. गॅरेजवाले आले, या वेळी बॉनेट उघडून ऐकलं आणि कान पकडले. "न बघताच बोललो मी. शाबास, पोरींनो! माझ्या पोरांनाही एवढं जमत नाही."

"पोरींनो आणि पोरा," ढब्बूने सुधारलं. इंजिनात पाइप सोडणाऱ्या काकांनी ओशाळून त्याच्या पाठीवर थाप मारली. ताईला शाबासकी ऐकायला फार आवडायची, पण आज ती ऐकताना तिचे डोळे भरून आले. ही शाबासकी जिला सांगायची, ती घरात नव्हती.

बाबा सगळ्यांना घेऊन निघाले. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळण घेऊन मोठ्या रस्त्याला लागली, कुठेच अडखळली नाही. तेव्हा छोटी रडायला लागली. आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती, तोंड उघडं टाकून, मोठमोठ्याने. ताईने तिला कुशीत घेतलं आणि तीही रडू लागली. बाबा गाडी चालवत राहिले, आणि छोटीला कोणीही गप्प बस म्हणालं नाही.