एक्केचाळिसावा स्थिरांक

मुंगी पिऊन झोपते, तेवढाच वेळ माझा. तिच्या काचेच्या पेटीला टेकून हे लिहिते आहे.

मुंगी म्हणजे माझी लेक. सातव्या महिन्यातच आली. माझं दूध आटलं, डब्याचं तिला पचेना. म्हणून रुग्णालयाच्या दूधपेढीतून दुसऱ्या आयांचं दूध येतं आणि सिस्टर ते वाटी-चमच्यानं पाजतात. दोन किलो भरली की घरी.

त्याच पेढीचा जुना प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. त्यात न बदलणाऱ्या आकड्यांना नावं दिली होती: दूध किती दिवस ठेवायचं, किती थंड. हे स्थिरांक. नवं मशीन ती नावं ओळखत नव्हतं. अनोळखी नाव दिसलं की मुकाट शून्य धरायचं, आणि सगळंच दूध शिळं ठरायचं.

हे ऐकून सिस्टर हसल्या. "माझ्या सासूबाईंसारखंच, मॅडम. वीस वर्षं झाली, माझं नाव काही तोंडी येत नाही."

एकेका नावाच्या जागी मी आकडा लिहीत गेले. यादीत नावं चाळीस, प्रोग्राममध्ये निघाली एक्केचाळीस. शेवटचं नाव होतं दूध देणाऱ्या एका आईच्या क्रमांकाचं. त्याला आकडा कुठेच दिलेला नव्हता. शून्यच यायला हवं होतं.

पडद्यावर आलं २१२.

"ती होय," सिस्टर म्हणाल्या. "मी तिला कधी पाहिली नाही. पण तिचं दूध नासत नाही हो."

मी फ्रीझर उघडला. बाकी बाटल्यांवर हिमाचा थर. २१२च्या सात बाटल्या कोमट होत्या, आजारी माणसाच्या हातासारख्या. आत पिवळट, दाट काहीतरी. टोपण काढलं तर न धुतलेल्या केसांचा वास. साय बोटाला लागली. तीनदा साबण लावला, तरी बोट बुळबुळीतच.

"हे कुणाला देता?"

सिस्टरांनी मान खाली घातली. "तुमच्याच बाळाला. दुसरं ती घेतच नव्हती."

मी प्रोग्राममधली ती एक्केचाळिसावी ओळ पुसली. सातही बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या. दूध वाहून जाईना. जाळीवर गोळा होऊन थरथरत राहिलं. मला तिथेच उलटी झाली.

मग मुंगीनं तोंड मिटलं. थेंब घातला की ओठांच्या कडेनं बाहेर. पहिल्या दिवशी एक किलो सातशे. मग सहाशे चाळीस. मग पाचशे ऐंशी. रडायचा आवाजही निघेना.

"मॅडम," सिस्टर हळूच म्हणाल्या, "किळस मोठी की लेकरू?"

मी ओळ परत लिहिली. आकडा दिला नाही.

फ्रीझरमध्ये सात बाटल्या होत्या.

त्या दिवसापासून मीच पाजते, श्वास रोखून. ती चमचा चाटते, बोळकं पसरून हसते. तिच्या जावळाला आता तोच वास येतो. तरी मी पापी घेते.

आज सकाळी दोन किलो भरली. वजन मी एकटीनं पाहिलं, अजून कुणी नोंदवलं नव्हतं.

मघाशी शेवटची तपासणी म्हणून २१२ची नोंद उघडली. प्रत्येक आईच्या नोंदीत एक रकाना असतो: स्वतःचं मूल.

तिथे लिहिलं होतं: मुलगी, दोन किलो.

खाली, घरी नेण्याची तारीख. आजची.