दादाच्या गाडीतला कॅच टँक

इंजिनही श्वास सोडतं. पिस्टन कितीही घट्ट बसवा, त्याच्या कडेने थोडा धूर खाली गळतोच आणि तेलाची वाफ बरोबर घेऊन वर येतो. ती वाफ एका रबरी नळीने परत इंजिनात ओढून जाळायची सोय केलेली असते. साध्या गाडीत ते खपून जातं. टर्बोच्या गाडीत दाब जास्त, त्यामुळे वाफही जास्त, आणि हवेच्या पाइपात तेलाचा थर बसत जातो. म्हणून त्या नळीच्या वाटेत एक छोटी टाकी बसवतात, कॅच टँक. आत तारेचा चोथा, खाली तोटी. तेल टाकीत थबकतं, हवा पुढे जाते. महिन्या-दोन महिन्यांनी तोटी उघडून चार चमचे काळपट तेल ओतून द्यायचं, की झालं. पंचवीस वर्षांत मी अशा तीसेक टाक्या बसवल्या असतील. त्यात गूढ असं काही नसतं, एवढं आधीच सांगून ठेवतो.

गाडी दादाची होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गॅरेज त्याने उभं केलं, मी त्याच्या हाताखाली शिकलो. त्या गाडीला टर्बो त्याने स्वतः बसवला होता, दोन वर्षांचे सगळे रविवार घालवून. अकरा महिन्यांपूर्वी त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि तेव्हापासून तो गॅरेजच्या वरच्या खोलीत पडून होता. हातपाय गेले, वाचा गेली. गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती, तिच्यातून श्वास चालायचा. कळत मात्र सगळं होतं. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही.

त्या नळीत कफ साठायचा. दर दोन तासांनी तो सक्शन मशीनने ओढून काढावा लागे, नाहीतर जीव गुदमरायचा. ओढलेलं सगळं मशीनच्या बरणीत जमा व्हायचं. दुपारची पाळी माझी, बाकीच्या सगळ्या वहिनींच्या. अकरा महिन्यांत आम्ही दोघंही सलग चार तास झोपलो नव्हतो. वहिनी भिंतीला टेकल्या की डोळे मिटायच्या. मी एकदा गिऱ्हाइकाशी बोलता बोलता उभ्याने घोरलो. गिऱ्हाईक सज्जन. त्याने मला उठवलं नाही, हातातला पाना तेवढा काढून घेतला.

गाडी विकायचं वहिनींनी ठरवलं. जागा अडते, म्हणाल्या. घ्यायला आल्या त्या दातांच्या डॉक्टर होत्या, पन्नाशीच्या, नीटनेटक्या. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, हवेच्या पाइपात बोट फिरवून तेल मला दाखवलं आणि कॅच टँक बसवून द्या, पंधरा दिवसांनी नेते, असं सांगून गेल्या. आमची डॉक्टरबाईंशी तेवढीच ओळख.

मंगळवारी सकाळी मी काम हातात घेतलं. बॅटरीच्या बाजूला पत्र्याची पट्टी बसवली, तिच्यावर टाकी. इंजिनाच्या डोक्यावरून निघणारी नळी टाकीत आणली, टाकीतून दुसरी नळी टर्बोच्या तोंडाशी नेली, चारही क्लिपा आवळल्या. इंजिन अर्धा तास चालू ठेवलं, कुठे गळती नाही हे पाहून बंद केलं. हात धुऊन दुपारच्या पाळीला वर गेलो.

मशीन लावलं. बरणीत काही आलं नाही. नळी कुठे वळली का ते पाहिलं, मशीन बदलून पाहिलं, तेही कोरडंच. दादाचा श्वास मोकळा चालला होता. त्या घरघरीची मला इतकी सवय झाली होती की ती नसल्यामुळे खोली मोठी वाटायला लागली.

वहिनी त्या दिवशी पाच तास झोपल्या. उठल्यावर आधी घाबरल्या, मग दादाच्या छातीवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मीही झोपलो. औषध लागू पडलं असावं, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

शनिवारी मी टाकीची तोटी उघडली. गाडी मंगळवारनंतर सुरूही केलेली नव्हती. आत फार तर ओल असायला हवी होती. डब्यात पाव लिटर तरी आलं. पांढरट, चिकट, तार धरणारं. आता यालाही कारण असतं. वाफेतलं पाणी तेलात मिसळलं की सायीसारखा पांढरा फेस होतो, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. मीही स्वतःला तेच सांगितलं. मग डबा नाकाशी नेला. तेलाचा वास नव्हता. औषधांचा होता, आणि खाली तो दुसरा, आंबूस. अकरा महिने मी ज्याची बरणी धुतली, त्याचा वास मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

डबा मोरीत ओतला, दोनदा साबणाने धुतला आणि कोणाला काही बोललो नाही.

सोमवारी दुपारी मात्र राहवलं नाही. बॉनेट उघडलं. इंजिन थंडगार होतं. टाकीत येणारी नळी हातात धरली तर ती कोमट लागली. मी पकडीने ती चिमटीत धरून बंद केली आणि घड्याळाकडे पाहिलं.

एक मिनिट झालं.

वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मशीनची घरघर. मग वहिनींची हाक, “भाऊजी, वर या.”

मी पकड सैल करून नळी मोकळी केली.

वर पोचलो तेव्हा दादाचे ओठ निळे पडलेले होते आणि रंग परत येत होता. वहिनींच्या हातात नळी होती. बरणी कोरडी होती. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. पकड माझ्या हातातच राहिली होती.

“बंद करून पाहिलंत?” त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. मग सावकाश सांगू लागल्या. गुरुवारी पहाटे पाणी भरायला खाली आल्या, तेव्हा गाडीतून कोणी श्वास घेतल्यासारखा आवाज आला. तेव्हापासून त्या रोज पहाटे खाली येऊन गाडीजवळ उभ्या राहत होत्या. वर दादाचा श्वास आणि खाली तो, दोन्ही एका लयीत चालत. त्यांना भीती वाटली नव्हती. भीती वाटायला अंगात त्राण लागतं, म्हणाल्या.

मी म्हटलं, डॉक्टरबाईंना नाही म्हणून कळवतो. गाडी इथेच राहील, टाकी मी रिकामी करत जाईन, आयुष्यभर. त्यांनी हातातली नळी मशीनवर अडकवली. मग म्हणाल्या, “आपण दोघांनी ठरवायचं का हे? यांना विचारा.”

मी दादाच्या तोंडाजवळ वाकलो. सगळं सांगितलं, जसं गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगतो तसं. टाकी, नळी, पकड. म्हटलं, “दादा, गाडी गेली तर तुझं काय होईल मला ठाऊक नाही. विकायची?”

पापणी एकदा मिटली.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा एकदाच मिटली, आणि या वेळी तो माझ्याकडे पाहत नव्हता. खिडकीतून खालच्या रस्त्याकडे पाहत होता.

ठरल्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. मी त्यांना एवढंच सांगितलं की आठवड्याला टाकी बघत जा. आणखीही सांगायचं जिभेवर आलं होतं, पण काय सांगणार? आणि खरं सांगायचं तर मी थकलो होतो. त्यांनी सीट पुढे घेतली, आरसा फिरवला, आणि गाडी रस्त्याला लागली.

आम्ही दोघं वर जाऊन दादाच्या दोन्ही बाजूंना बसलो. मशीन हाताशी ठेवलं होतं. गाडीचा आवाज कोपऱ्यावर वळला, लांब गेला, थांबला. श्वास चालू राहिला. तास गेला, दिवस मावळला, तरी तो तसाच चालू राहिला, स्वच्छ, एकसारखा. वहिनी पलंगाच्या कडेवर डोकं टेकून रडल्या.

सकाळी मी त्याला विचारलं, दादा, बरं वाटतंय? पापणी मिटली नाही. एकदाही नाही, दोनदाही नाही. डोळे उघडे होते, पाणीदार होते, मधूनमधून लवतही होते, पण माझ्या प्रश्नाशी त्यांचा काही संबंध उरला नव्हता. वहिनींनी विचारलं. मग मी पुन्हा विचारलं. चार दिवस विचारत राहिलो आणि मग सोडून दिलं.

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. गाडी छान पळते, टाकी कोरडी आहे, म्हणाल्या. फक्त एक तक्रार होती. रोज सकाळी सीट दोन खाचा मागे गेलेली असते, तिचा खटका सैल झालाय का? मी म्हटलं, आणा, बघतो. आज नको, म्हणाल्या. आज बहिणीकडे निघाल्या होत्या, घाटातून. दहा वाजेपर्यंत घाटाला लागेन, म्हणाल्या.

साडेदहाला वहिनी दादाचं अंग पुसत होत्या. मी पाय धरायला मदत करत होतो. त्याची उजवी टाच माझ्या मनगटावर होती, तळवा तळहातावर. तळव्यावर काळ्या आडव्या रेघा होत्या, ॲक्सिलरेटरच्या रबरावर असतात तशा, ओल्या फडक्याने न जाणाऱ्या.

तळवा हलला.

अकरा महिन्यांत त्याचं बोटही हललं नव्हतं. मी वहिनींना हाक मारली नाही. तळवा माझ्या हातावर हलकेच दाबला गेला आणि सुटला. पुन्हा दाबला गेला, थोडा जास्त, आणि सुटला. वळणाआधी सुटायचा, वळण संपताना दाबला जायचा. दादा घाटात नेहमी अशीच गाडी चालवायचा, मी त्याच्या शेजारी बसून शिकलो होतो. वहिनीही फडकं हातात धरून बघत राहिल्या होत्या. आम्ही बहुधा हसत होतो.

मी एका हाताने फोन काढून डॉक्टरबाईंना लावला. घंटा वाजत राहिली.

मग तळवा खाली दाबला गेला, पूर्ण, जितका जाईल तितका, आणि पुन्हा उठला नाही.